कम्युनिटी कॉलेजची फी आणि ग्रँट: अमेरिकेतल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहेत. घरात कोणी नागरिक, कोणी ग्रीन कार्डवाले, कोणी एच-वन (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-फोरवर (त्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा), तर कोणी एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलेलं असतं. उदाहरणं मुख्यतः न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाची घेतली आहेत, कारण प्रश्न तिथूनच जास्त येतात. नियम २०२६-२७ या शैक्षणिक वर्षाच्या अंगाने लिहिले आहेत. तारखा आणि रकमा दरवर्षी बदलू शकतात, म्हणून फॉर्म भरायला बसण्याआधी कॉलेजच्या फायनान्शियल एड पानावर एकदा ताळा करून घ्या.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमकं काय?

दोन वर्षांची असोसिएट डिग्री किंवा कामाचं सर्टिफिकेट देणारं सरकारी कॉलेज. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं, ते या प्रकारातलं आजही चालू असलेलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज. दोन वर्षं इथे करून पुढची दोन युनिव्हर्सिटीत करता येतात. न्यू जर्सीत यांना काउंटी कॉलेज म्हणतात.

आमचं उत्पन्न बरं आहे. मग फॅफ्सा भरायचा कशाला?

सगळ्यात जास्त नुकसान याच विचाराने होतं. फॅफ्सा हा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा मोफत फॉर्म. तो भरायला उत्पन्नाची कुठलीही वरची मर्यादा नाही. पेल ग्रँट (केंद्राची, सहसा परत न करायची मदत) बसली नाही तरी राज्याची ग्रँट, कॉलेजच्या फाउंडेशनची स्कॉलरशिप, कॅम्पसवरचं वर्क-स्टडीचं काम या बहुतेकांची वाट याच फॉर्मवरून जाते. काही राज्यांत कम्युनिटी कॉलेजची फी उत्पन्न न बघता माफ होते, पण तिथेही फॅफ्सा भरलेला असावा लागतो. "आपल्याला कुठलं मिळतंय" म्हणून फॉर्म न भरणाऱ्या घरांत दोन पगारांतली चांगली कमाई असलेली असतात, तशीच एका पगारावर चार माणसं चालवणारीही असतात. दुसऱ्या प्रकारच्या घरांचे हक्काचे पैसे जातात, याचं फार वाईट वाटतं. २०२४-२५ च्या आधी हा फॉर्म शंभराहून जास्त प्रश्नांचा होता. आता प्रश्न बरेच कमी झालेत आणि टॅक्सचे आकडे तुमच्या संमतीने आयआरएसकडून (केंद्राच्या कर खात्याकडून) थेट येतात. एक संध्याकाळ पुरते.

२०२६-२७ साठी २०२४ चं टॅक्स रिटर्न धरलं जातं. केंद्राची शेवटची तारीख ३० जून २०२७ असली तरी तिच्या भरवशावर राहू नका. राज्यांच्या तारखा त्याच्या कितीतरी आधी येतात आणि काही पैसे आधी येणाऱ्यांना देऊन संपतात. एफएसईओजी नावाची पूरक ग्रँट आहे, वर्षाला १०० ते ४,००० डॉलर. ती कॉलेजला ठरावीकच मिळते, संपली की संपली.

पेल ग्रँट किती मिळते?

कमाल ७,३९५ डॉलर वर्षाला, आणि २०२३-२४ पासून हा आकडा वाढलेला नाही. किमान ७४०. तुम्हाला किती ते एसएआय (मदतीची गरज मोजणारा निर्देशांक) या आकड्यावर ठरतं. फॅफ्साच्या माहितीवरून तो निघतो आणि उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. जितका कमी, तितकी ग्रँट जास्त.

सेमिस्टरला १२ क्रेडिट (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) घेतले तर पूर्ण रक्कम, कमी घेतले तर त्या प्रमाणात. ७ क्रेडिटला ५८ टक्के. नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन कोर्स करणाऱ्यांनाही पेल मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयुष्यभरात पूर्णवेळच्या १२ सेमिस्टरइतकीच ती वापरता येते, त्यामुळे क्रेडिट जपून घ्या. १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या, राज्याने मान्य केलेल्या छोट्या व्यावसायिक कोर्सेसनाही पेल लागू करण्याची कायद्यात तरतूद आहे.

आम्ही नवराबायको एच-वन आणि एच-फोरवर. थोरला मुलगा पुण्यात जन्मला, धाकटी इथे. दोघांचं काय?

धाकटी नागरिक आहे, म्हणून तिला फॅफ्सा भरता येतो आणि पेलही मिळू शकते. आईवडिलांचा व्हिसा कुठला याच्याशी तिच्या पात्रतेचा संबंध नाही. तुमचं उत्पन्न मोजलं जाईल, स्टेटस नाही. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी तिला स्टुडंटएडच्या साईटवर स्वतःचं खातं उघडता येतं. नंबर नसल्याचा पर्याय तिथे दिलेला आहे.

थोरल्याला केंद्राची मदत मिळत नाही. एच-फोर, एल-टू, एफ-वन या कुठल्याच व्हिसावर ती नाही. ग्रीन कार्डचा अर्ज लागलेला आहे, आय-४८५ पेंडिंग आहे, हातात ईएडी (कामाचा परवाना) आहे, तरीही नाही. ग्रीन कार्ड मंजूर झालं की त्या दिवसापासून दार उघडतं. भारतात जन्मलेल्यांची रोजगारावर आधारित रांग इतकी लांबलीय की एकाच जेवणाच्या टेबलावर एका मुलाला ग्रँट आणि दुसऱ्याला पूर्ण फी, हे चित्र आपल्या किती घरांत दिसतं. थोरल्याला हे नीट समजावून सांगा, त्याच्या हुशारीशी याचा काही संबंध नाही हेही सांगा. काही मुलं मनाला लावून घेतात.

म्हणजे एच-फोरवरच्या मुलाला काहीच नाही?

तसं नाही. पहिली गोष्ट म्हणजे रेसिडेंट फी. कॅलिफोर्नियात एच-फोरवाल्यांना राज्याचे रहिवासी ठरता येतं. सेमिस्टरसाठी ठरवलेल्या तारखेआधी एक वर्ष आणि एक दिवस तिथे राहिल्याचा आणि तिथेच राहण्याच्या इराद्याचा पुरावा लागतो. १९ वर्षांखालच्या मुलाचं रहिवासपण साधारण आईवडिलांवरून ठरतं. रहिवाशाची आणि बाहेरच्याची फी यांत अनेक पटींचा फरक असतो, म्हणून कुठल्याही स्कॉलरशिपपेक्षा ही नोंद आधी बरोबर करून घ्या. कधीकधी अॅडमिशनच्या ऑनलाईन फॉर्मवर व्हिसाचा रकाना भरला की सिस्टिम आपोआप बाहेरच्याची फी लावते. अशा वेळी आय-७९७ (स्टेटस मंजूर झाल्याचं पत्र), लीजचा करार, राज्याचं टॅक्स रिटर्न आणि ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन अॅडमिशन ऑफिसला जाऊन बसा. दुरुस्ती होते.

न्यू जर्सीत राज्याच्या ग्रँटला कुठलं स्टेटस चालतं, हे राज्याच्या ग्रँट देणाऱ्या संस्थेकडूनच विचारून घ्या. पण काउंटीच्या दराने फी लागेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो रजिस्ट्रारकडे वेगळाच विचारायचा. दोन्ही प्रश्न एकत्र विचारले की "तुम्ही पात्र नाही" एवढंच उत्तर मिळतं आणि माणूस घरी येतो.

दुसरी गोष्ट, कॉलेजच्या फाउंडेशनच्या स्कॉलरशिप. त्यातल्या बऱ्याच खासगी देणगीतून येतात आणि इमिग्रेशनचं स्टेटस विचारत नाहीत. ५०० डॉलर, १,००० डॉलर अशा रकमा असतात. अर्ज कमी येतात, म्हणून मिळण्याची शक्यताही बरी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घेणं. ड्युअल एनरोलमेंटमध्ये कॅलिफोर्नियात फी बहुतेक माफच असते. अकरावी-बारावीत जमतील तेवढे क्रेडिट करून ठेवले तर पुढे पैसे भरायची वेळ आली तरी कमी भरावे लागतात. २१ वर्षं पूर्ण होताना एच-फोर संपतो आणि मुलाला बहुतेक एफ-वनवर जावं लागतं, तिथे परदेशी विद्यार्थ्याची फी सुरू होऊ शकते. त्यामुळे या मुलांच्या बाबतीत वेळ हाच पैसा वाचवतो.

माझं मुंबईत बी.कॉम. झालंय. आता ग्रीन कार्ड आलंय आणि मला नर्सिंग किंवा अकाउंटिंग करायचंय. पेल मिळेल?

बहुधा नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. बॅचलर्स डिग्री झालेल्याला नियमित पेल मिळत नाही, आणि परदेशातली डिग्रीही सहसा त्यात धरली जाते. ती इथल्या बॅचलर्सच्या तोडीची आहे का हे कॉलेज ठरवतं, आणि तोडीची नाही असा लेखी पुरावा दिलात तर वेगळा निर्णय होऊ शकतो. "इथे कुठे मानतात ती डिग्री" म्हणून फॉर्मवर डिग्री नाही असं लिहू नका. ते खोटं विधान ठरतं, आणि नंतर जुन्या मार्कशीटवरून क्रेडिट मागायला गेलात की कॉलेजला कळतंच. न्यू जर्सीची मोफत फीची ग्रँटही आधी डिग्री घेतलेल्यांना नाही.

तरी वाटा आहेत. कॅलिफोर्नियाच्या फी माफीला आधीची डिग्री आड येत नाही. तिथे राहणाऱ्या, उत्पन्नात बसणाऱ्या बाईला एम.ए. झालेलं असलं तरी ती मिळू शकते. फॅफ्सा भरून वर्क-स्टडी आणि केंद्राचं कर्ज मागता येतं. शिवाय आपल्या डिग्रीचे विषय कॉलेजकडून तपासून घेतले तर इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, जीवशास्त्र असे काही कोर्स माफ होतात, आणि माफ झालेला कोर्स म्हणजे वाचलेली फीच. लग्नानंतर दहा-बारा वर्षं घर सांभाळून पुन्हा वर्गात बसायला निघालेल्या बायकांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि दुसरा "या वयात जमेल का" हा. जमतं. संध्याकाळच्या वर्गांत बरेच लोक पोरंबाळं असलेलेच असतात.

न्यू जर्सीत राहतो. काउंटी कॉलेज खरंच फुकट आहे का?

बऱ्याच घरांसाठी हो. कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट राज्यातल्या सगळ्या १८ काउंटी कॉलेजांत लागू आहे. एडिसनचं मिडलसेक्स, मर्सर, रॅरिटन व्हॅली, बर्गन, हडसन, सगळी त्यात आली. कुटुंबाचं अॅडजस्टेड ग्रॉस इन्कम ६५,००० डॉलरपर्यंत असेल तर फी आणि ठरावीक शुल्कं पूर्ण. त्यापुढे एक लाखापर्यंत टप्प्याटप्प्याने कमी होणारी रक्कम. सेमिस्टरला किमान ६ क्रेडिट आणि राज्यात सलग १२ महिने वास्तव्य लागतं.

ही ग्रँट उरलेलं बिल भरते. आधी पेल आणि राज्याची टॅग ग्रँट वापरली जाते, मग राहिलेली फी ही भरते. पुस्तकं, गाडी, पेट्रोल यासाठी ती नाही. फॉल आणि स्प्रिंग दोन्हीसाठी नव्या अर्जदारांची राज्याची तारीख १५ सप्टेंबर, फक्त स्प्रिंगसाठी १५ फेब्रुवारी, आणि आधी टॅग घेतलेल्यांची १५ एप्रिल. आधी घेतलेल्यांची तारीख लवकर येते, इथेच लोक चुकतात. फॅफ्सा भरल्यावर राज्याच्या हेसा या संस्थेच्या साईटवरही खातं उघडून तिथले जादा प्रश्न सोडवावे लागतात. तेवढं राहिलं की ग्रँट अडकते आणि कळतही नाही.

मुलगा वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स बघा. तिला उत्पन्नाची अट नाही. आणि हवा तो कोर्स आपल्या काउंटीच्या कॉलेजात नसेल तर दुसऱ्या काउंटीत शिकायला चार्जबॅकची सोय आहे, जादा फीचा भार आपली काउंटी उचलते.

कॅलिफोर्नियात कसं असतं?

तिथे फी मुळातच कमी. रहिवाशांना युनिटमागे (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर, म्हणजे वर्षाच्या ३० युनिटचे १,३८० डॉलर. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोटी सत्रं असलेल्या कॉलेजात, जसं कुपर्टिनोचं डी अँझा किंवा जवळचं फूटहिल, क्वार्टर युनिटला ३१ डॉलर.

ही फीसुद्धा कॉलेज प्रॉमिस ग्रँटने माफ होते. जुने लोक तिला अजून बॉग वेव्हर म्हणतात. ती एका युनिटलाही चालते. इथली खरी गंमत अशी की फी आधीच माफ झाल्यामुळे पेल मिळाली तर ती जवळजवळ पूर्ण विद्यार्थ्याच्या हातात येते: पुस्तकं, भाडं, बस, लॅपटॉप. कॅल ग्रँट बी आणि सी, पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी स्टुडंट सक्सेस कम्प्लिशन ग्रँट, ही रास वेगळी. बे एरियात भाडं हाच खरा खर्च असतो, म्हणून फी माफ झाली की थांबू नका, फॅफ्सा भराच. कॅल ग्रँटची मुख्य तारीख २ मार्चच्या सुमाराची आणि कम्युनिटी कॉलेजवाल्यांना २ सप्टेंबरची आणखी एक संधी असते. सलग दोन सत्रं मार्कांची सरासरी २.० च्या खाली गेली किंवा निम्मेही कोर्स पूर्ण झाले नाहीत तर फी माफी जाऊ शकते.

आजीआजोबा सहा-आठ महिने येऊन राहतात, त्यांच्यासाठी विचारणा होते. नॉनक्रेडिट इंग्रजीचे वर्ग कॅलिफोर्नियात बिनफीचे असतात, पण व्हिजिटर व्हिसावर कुठल्याही कोर्सला नाव घालण्याआधी कॉलेजला स्टेटस सांगून विचारा. ग्रीन कार्डवर आलेल्यांनी मात्र बिनधास्त जावं.

बाकीच्या राज्यांत?

टेनेसी प्रॉमिसमध्ये हायस्कूल संपवून थेट येणाऱ्यांची फी भरली जाते, बदल्यात दर सत्राला आठ तास समाजसेवा करायची. मॅसॅच्युसेट्सने २०२४ पासून बॅचलर्स डिग्री नसलेल्या रहिवाशांसाठी कम्युनिटी कॉलेज मोफत केलं. मिशिगनचं रीकनेक्ट मोठ्या वयाच्यांसाठी आहे. न्यूयॉर्कमध्ये एक्सेलसिअर स्कॉलरशिप १,२५,००० डॉलरपर्यंतच्या कुटुंबांना कम्युनिटी कॉलेजातही चालते, पण वर्षाला ३० क्रेडिट पूर्ण करावे लागतात आणि जितकी वर्षं ती घेतली तितकी वर्षं पुढे राज्यात राहावं लागतं, नाहीतर तिचं कर्ज होतं. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल तर सही करण्याआधी ही अट वाचा. २०२५ पासून तिथे २५ ते ५५ वयाच्यांना मागणी असलेल्या क्षेत्रांतली असोसिएट डिग्री मोफत करण्याची योजनाही आहे.

गावाकडची जमीन आणि पुण्यातला फ्लॅट फॅफ्सात दाखवायचा का?

हो. मालमत्ता कुठल्या देशात आहे याने फरक पडत नाही. तुम्ही राहता ते घर आणि ४०१के सारखी रिटायरमेंटची खाती वगळली जातात. भाड्याने दिलेला किंवा बंद ठेवलेला भारतातला फ्लॅट, प्लॉट, बँकेतल्या ठेवी हे सगळं येतं. त्यावरचं कर्ज वजा करून उरलेली किंमत लिहायची.

शेतीबद्दल सगळे अडतात, म्हणून जरा उलगडून सांगते. सातबारा काढा. उताऱ्यावर बहुधा चुलते, आत्या, चुलत भाऊ अशी नावांची रांग असते आणि प्रत्येकासमोर त्याचं क्षेत्र. फॅफ्साला फक्त तुमचा हिस्सा हवा असतो, अख्ख्या गटाची किंमत नको. आठ जणांत चाळीस आर जमीन असेल आणि हिस्से सारखे असतील तर तुमचे पाच आर. वडिलांनी स्वतः विकत घेतलेली, त्यांच्याच नावावर असलेली जमीन तुमची मालमत्ता नाही, ती लिहू नका. पुढे कधीतरी तुम्हालाच मिळणार आहे म्हणून ती आज मोजली जात नाही. भाव आजचा, अर्ज भरण्याच्या दिवसाच्या डॉलरच्या दराने. रेडी रेकनरचा कागद जवळ ठेवला तर ऑफिसने विचारल्यावर दाखवायला काहीतरी हातात राहतं. कुटुंब ज्या शेतावर राहतं ते आता मोजलं जात नाही, पण तुम्ही न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आणि शेत साताऱ्यात असेल तर ही सवलत लागत नाही.

आता घाबरायचं कारण का नाही ते. आईवडिलांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग एसएआयमध्ये मिळवला जातो. ५०,००० डॉलरच्या हिश्श्याने आकडा फार तर २,८२० ने वाढेल. आणि उत्पन्न ६०,००० च्या आत, टॅक्स रिटर्न साधं, किंवा घरात मेडिकेड, स्नॅपसारखी मदत घेतलेली असेल तर मालमत्तेचे प्रश्नच बहुधा विचारले जात नाहीत. लपवण्याइतकं यात काही नाही. पडताळणीत निघालं तर मात्र मिळालेली ग्रँट परत करावी लागते.

आम्ही कायमचे भारतात परत आलो. मुलगा अमेरिकन नागरिक आहे, तिकडे शिकायला जायचं म्हणतो.

त्याला फॅफ्सा भरता येतो, पेलही मिळू शकते. तुम्ही दोघं पुण्यात बसून, सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी, स्वतःच्या खात्याने फॉर्मवर संमती आणि सही देऊ शकता. भारतातलं उत्पन्न आयटीआरवरून डॉलरमध्ये करून हाताने भरायचं. तारखेच्या रकान्यात महिना आधी, दिवस नंतर, हे विसरू नका. ०३/०७ म्हणजे तिथे ३ जुलै नसून ७ मार्च.

अडचण दुसरीकडे आहे. नागरिक असला तरी तो कुठल्याही राज्याचा रहिवासी नसतो, म्हणून फी बाहेरच्याची लागते आणि राज्याची ग्रँट मिळत नाही. अवलंबून असलेल्या मुलाचा रहिवास आईवडिलांवरून बघतात. मामाकडे किंवा मावशीकडे एक वर्ष राहून रहिवासी होता येतं का, याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आणि कडक असतात. तिकीट काढण्याआधी त्या कॉलेजकडून लेखी उत्तर घ्या.

एफ-वनवर कम्युनिटी कॉलेजला येणाऱ्यांना भारतातून किंवा इथून काही मदत?

केंद्राची नाही, राज्याची बहुधा नाही. कॉलेजच्या काही स्कॉलरशिप एक सेमिस्टर पूर्ण झाल्यावर मिळतात. कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण आय-२० (एफ-वन व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) साठी दाखवायचे पैसे त्यावर अवलंबून ठेवता येत नाहीत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, असोसिएट डिग्रीला ती लागू होत नाही.

२०२४ मध्ये दोघांना नोकरी होती. आता माझी गेली. फॅफ्सा तर जुनं उत्पन्न बघतो!

फॉर्म आहे तसा, २०२४ च्या आकड्यांनी भरा आणि लगेच फायनान्शियल एड ऑफिसला स्पेशल सर्कमस्टन्सेसचं अपील करायचंय असं कळवा. ले-ऑफचं पत्र, शेवटची पे-स्टब, बेरोजगारी भत्त्याचे कागद जोडा. घटस्फोट, मोठं आजारपण, घरातल्या कमावत्या माणसाचा मृत्यू यांनाही हेच लागू. निर्णय कॉलेजच्या अधिकाऱ्याचा असतो आणि दोन कॉलेजं वेगळा निर्णय देऊ शकतात. आयटीतल्या नोकऱ्या गेल्यावर किती घरांनी लाजेपायी हे अपील केलंच नाही. यात मागतकरी होण्यासारखं काही नाही, कायद्यातच ही सोय ठेवली आहे.

खातं उघडताना नाव जुळत नाही असं येतं.

नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे अगदी तसंच लागतं. आपल्याकडे लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पासपोर्टवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि इथल्या तीन कागदांवर तीन रूपं होतात. कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर टाईप करा. कार्डावरचंच नाव चुकीचं असेल तर आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात ते दुरुस्त करा.

मुलगा १९ वर्षांचा, वेगळा राहतो, स्वतः कमावतो. मग आमचं उत्पन्न कशाला?

वेगळं राहिल्याने तो स्वतंत्र ठरत नाही. २०२६-२७ साठी १ जानेवारी २००३ च्या आधीचा जन्म, लग्न झालेलं असणं, स्वतःचं मूल सांभाळणं, लष्करी सेवा अशी काही कारणंच चालतात.

ग्रँट परत करावी लागते का?

शिक्षण नीट चालू असेल तर नाही. पण सत्राचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळे कोर्स सोडले तर न कमावलेला भाग परत जातो, आणि त्याचं बिल विद्यार्थ्याच्या नावावर येतं. ते थकलं की पुढच्या सत्राला नाव नोंदवता येत नाही. कोर्स सोडण्याआधी सल्लागाराशी आणि एड ऑफिसशी बोला. नुसतं वर्गाला जाणं बंद करू नका. पुढच्या वर्षी मदत चालू राहायला साधारण २.० सरासरी आणि घेतलेल्यांपैकी दोन तृतीयांश क्रेडिट पूर्ण हवेत.

टॅक्समध्ये काही सवलत?

अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट (इथे क्रेडिट म्हणजे करातली सूट): विद्यार्थ्यामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, चार वर्षं. त्यातले १,००० डॉलरपर्यंत कर शून्य असला तरी परत मिळतात. जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की कमी होत १,८०,००० ला संपतं. एकेक कोर्स करणाऱ्यांसाठी लाईफटाईम लर्निंग क्रेडिट, रिटर्नमागे २,००० पर्यंत. कॉलेजकडून १०९८-टी हा फीचा फॉर्म येतो, तो सांभाळा. ग्रँटने भरलेल्या फीवर पुन्हा क्रेडिट मिळत नाही. एच-फोरवाल्यांनी लक्षात घ्यावं: २०२६ च्या करवर्षापासून या क्रेडिटना सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आयटीआयएन (तो नंबर नसलेल्यांना मिळणारा कराचा नंबर) चालत नाही.

नोकरी करत असाल तर एचआरला ट्यूशन असिस्टन्स विचारा. कंपनी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त देऊ शकते, आणि ही सोय दुकानात, वेअरहाऊसमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्यांनाही काही ठिकाणी असते. याला इमिग्रेशनची अट नसते.

सगळ्यांची मुलं मोठ्या युनिव्हर्सिटीत जातात. आमचा कम्युनिटी कॉलेजला गेला तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणतील. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी "कुठे लागला?" विचारणार आणि उत्तर ऐकून विषय बदलणार. त्याची किंमत एकदा कागदावर मांडा. कॅलिफोर्नियात दोन वर्षांची फी तीन हजारांच्या आत, आणि ट्रान्सफरची असोसिएट डिग्री घेतली तर कॅल स्टेट पद्धतीत जागेची हमी. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसना ठरावीक मार्कांवर ट्रान्सफरची हमी मिळते. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्याने असोसिएट डिग्रीचे क्रेडिट राज्याच्या सरकारी कॉलेजांनी पुढे धरायचे असतात. शेवटी हातात येणारी डिग्री त्याच युनिव्हर्सिटीची असते, तिच्यावर पहिली दोन वर्षं कुठे काढली ते छापलेलं नसतं. मुलाला मात्र हे घरातूनच ठणकावून सांगावं लागतं, कारण बाहेरचं बोलणं तो ऐकतच असतो.

एक जण पैसे घेऊन फॅफ्सा भरून देतो म्हणतो. द्यावेत का?

देऊ नका. फॉर्म मोफत आहे, पत्ता .gov ने संपणारा एकच. "हमखास ग्रँट" असं कोणी म्हणाला की तिथेच थांबा. आपला पासवर्ड कोणाला देऊ नका, अगदी ओळखीच्या सीपीएलाही नको, कारण त्या खात्यावरची सही कायद्याने तुमची धरतात. हायस्कूलचा काउन्सेलर आणि कॉलेजचं एड ऑफिस पैसे न घेता शेजारी बसवून भरून घेतात. जाताना २०२४ चं रिटर्न, सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड असेल तर ते, बँकेची शिल्लक आणि भारतातल्या मालमत्तेचा एक साधा कागद, एवढं न्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर रांग नसते.